कर्णिककाकांचा डावा पाय

कर्णिककाकांचा डावा पाय जेवताना टेबलाखाली हलायचा. हलायचा म्हणजे चाळा नव्हे. टाच जमिनीवर टेकलेली, चवडा खाली दाबलेला, आणि दर काही सेकंदांनी चवडा किंचित उचलून परत खाली. आमटी वाढली जात असो की फोन वाजत असो, त्या लयीत फरक पडायचा नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, त्यांना काही दुखणं असेल, म्हणून मी तिकडे बघायचं टाळलं. मग मीनाकाकूंनीच सांगितलं, "अगं, ते ट्राम चालवतायत. तू भात घे. स्टॉप आला की थांबतील."

चालकाच्या पायाखाली एक पट्टी असते. गाडी चालू असेपर्यंत ती दाबून धरायची आणि मधूनमधून उचलून पुन्हा दाबायची. तसं केलं नाही तर गाडी समजते की आतल्या माणसाला काहीतरी झालंय. आधी घंटी वाजवते, आणि तरीही पाय हलला नाही तर आपली आपण थांबते. काकांनी हे मला ताटातल्या पोळीच्या तुकड्यावर बोट दाबून समजावलं होतं. "म्हणजे बघ प्रोफेसर, गाडी दर थोड्या वेळानं विचारते, आहेस का? आपण सांगायचं, आहे. आपलं काम एवढंच. बाकीचं रूळ करतात."

मी हे आइंडहोवन या डच शहरात बसून लिहिते आहे. इथे ट्राम नाही. बस आहेत आणि सायकली आहेत. मी जिथे काम करते तिथे बसचे मार्ग आखतात, आणि नवीन माणूस आला की विचारतात, तुम्हाला या विषयाकडे कुणी आणलं? मी माझ्या प्राध्यापकांचं नाव सांगते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला अहवाल लिहिता येतो, माणसाबद्दल लिहिता येईल की नाही माहीत नाही. आठवतं तसं लिहिते.

युट्रेख्टला शिकायला आले तेव्हा मला खोली मिळत नव्हती. तिथे कुणालाच मिळत नाही. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, आयसलस्टाइनला एका कुटुंबाकडे माळ्यावरची खोली आहे. आयसलस्टाइन हे युट्रेख्टच्या दक्षिणेचं छोटं गाव. गावाबाहेर टीव्हीचा एक खूप उंच मनोरा आहे, डिसेंबरात त्यावर खालपासून वरपर्यंत दिवे लावतात. युट्रेख्टहून तिथे ट्राम जाते. शहरातून निघते, मोठा कालवा ओलांडते, मधल्या नीवेखाइन गावात शिरते आणि तिथे तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा नीवेखाइनच्याच दक्षिण टोकाला जातो, दुसरा आमच्याकडे.

पहिल्या दिवशी मी दोन बॅगा घेऊन उतरले तेव्हा काका स्टॉपवर उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, बारीक, अंगात निळा स्वेटर. नमस्कार करायच्या आधीच म्हणाले, "तीन मिनिटं उशीर."

मी घाबरून म्हटलं, "सॉरी काका, मी वेळेवर बसले होते."

"तुला नाही म्हणत." त्यांनी पुढे जाऊन चालकाच्या काचेत वाकून बघितलं, मान हलवली आणि परत येऊन माझी जड बॅग उचलली. "नवीन पोरगा आहे. शहरातच घाबरत चालवतो, मग बाहेर आल्यावर वेळ भरून काढता येत नाही. चल."

प्रोफेसर हे नाव त्यांनी त्याच आठवड्यात ठेवलं. माझे आईवडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि विमानात बसलेलीही पहिली. माझा विषय होता, गावांना शहराशी जोडणाऱ्या ट्राम. एके काळी या देशात अशा ट्रामचं जाळं होतं, गावोगावी रूळ होते. नंतर ते जवळपास सगळे उखडले, बस आल्या. मग थोड्याच ठिकाणी का राहिले, आणि आता पुन्हा लोकांना ते का हवेसे वाटतात, असा माझा प्रबंध. हे मी मीनाकाकूंना चाचरत सांगत होते. काका तिकडून म्हणाले, "म्हणजे मी दिवसाला आठ तास जे करतो त्यावर ही दोन वर्षं अभ्यास करणार. प्रोफेसर आहे बाई." मला त्या शब्दाची लाज वाटायची. पण त्यांनी तो सोडला नाही.

काका मुळात चालक नव्हते. पुण्यातून सॉफ्टवेअरमध्ये इकडे आले, बँकांची कामं केली. मग त्यांचा विभागच बंद झाला. काकू सांगायच्या, तीनेक महिने ते रोज शर्ट घालून तयार व्हायचे आणि सोफ्यावर बसायचे. एके दिवशी ट्राममध्येच जाहिरात दिसली, चालक हवेत. घरी येऊन म्हणाले, डच चांगलं लागतं आणि डोळे चांगले लागतात, माझ्याकडे दोन्ही आहे. काकूंना वाटलं, मन लागेना म्हणून गंमत करतायत.

मंडळाच्या गणपतीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. भाड्याच्या हॉलमध्ये सगळे आयटीतले लोक. एका गृहस्थांनी विचारलं, "कर्णिक, सध्या कुठे?"

"ट्राम चालवतो."

गृहस्थ हसून थांबले. पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत होते. ते आलं नाही, तेव्हा म्हणाले, "म्हणजे त्यांची सिस्टिम वगैरे?"

"नाही. ट्राम. युट्रेख्ट ते आयसलस्टाइन. या कधी, पुढच्या सीटवर बसा."

गृहस्थ "वा, वा" म्हणत प्रसादाच्या रांगेत गेले. काका मला म्हणाले, "बघितलंस? पूर्वी मी काय करतो ते कुणाला कळायचं नाही आणि सगळे मान द्यायचे."

त्यांची गाडी असली तर मी पुढच्या सीटवर बसायचे, चालकाच्या काचेमागे. मी चढले की ते आरशात बघून उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. बोलणं नाही. काचेवरच लिहिलेलं असतं, चालकाशी बोलू नये. समोरून दुसरी ट्राम आली की दोन्हीकडचे चालक हात वर करतात, तसा हात मात्र ते प्रत्येक वेळी करायचे. एका फेरीत जितक्या गाड्या भेटतील तितक्यांदा.

शहरातून जाताना काका पुढे झुकून बसायचे. सायकली, मुलं, वळणं, घंटी. कालवा ओलांडला की पाठ मागे टेकायची, खांदे खाली यायचे आणि गाडी वेग घ्यायची. "शहरात ही ट्राम असते," ते घरी आल्यावर म्हणाले होते, "आणि बाहेर पडली की आगगाडी होते. एकाच डब्यात बसून माणूस दोन्हीतून जातो. हे लिही तुझ्या प्रबंधात."

"काका, असं लिहिता येत नाही. आकडे लागतात."

"मग आकडे तू आण. बरं, मला सांग, बस बंद करायची तर काय करावं लागतं?"

"मंजुरी वगैरे."

"एक कागद. सोमवारी कागद निघाला, मंगळवारी बस नाही, आणि बुधवारी तिथे बस होती हे कुणाला आठवत नाही. पण रूळ टाकले की ते दिसतात. उखडायचे तर यंत्रं आणावी लागतात, रस्ता फोडावा लागतो, लोक खिडकीत येऊन बघतात. लाज वाटते. एवढ्या लाजेपोटी कितीतरी चांगल्या गोष्टी टिकतात."

हे मी माझ्या शब्दांत प्रबंधात घातलं. प्राध्यापकांनी समासात लिहिलं, हे कुठून घेतलं? मी खाली टीप दिली: एका चालकाशी झालेलं बोलणं. काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "ठीक आहे. चालकाला नाव नसतंच."

देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, पण संकष्टी ते कडक करायचे. साबुदाणा नाही, फळ नाही, पाणी आणि बिनसाखरेचा चहा. नोकरी गेली त्या महिन्यात धरली होती, आणि त्यानंतर ट्राम मिळाली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. उपवास चंद्र बघून सोडायचा. इथे उन्हाळ्यात संध्याकाळ संपता संपत नाही आणि चतुर्थीचा चंद्र उगवायला मध्यरात्र होते. यावरून त्या घरात दर महिन्याला एकच भांडण व्हायचं.

"पुण्यात ताटं घासूनसुद्धा झाली," काकू सहा-साडेसहाला म्हणायच्या. "तिकडचा चंद्र धरा आणि सोडा."

"पुण्याचा चंद्र पुणेकरांना. माझी नोकरी इथली, चंद्रही इथलाच."

"गणपती काय पासपोर्ट बघतो?"

"मी बघतो."

त्यांची मुलगी ईशा सतरा वर्षांची. ती डचमध्ये काहीतरी म्हणायची, बहुतेक हे दोघं वेडे आहेत अशा अर्थाचं, आणि काका तिला मराठीत उत्तर द्यायचे. त्या घरात असंच चालायचं. मी मध्ये बसून मोदकांची वाट बघायचे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मी आईला भेटायला घरी गेले. परतताना पुण्यात काकांच्या बहिणीकडे थांबले. त्यांनी मेतकूट, गोडा मसाला आणि एक कापडात बांधलेला डबा दिला. "मीनाची औषधं आहेत, टॉवेलात गुंडाळून ने," म्हणाल्या. मी नेली. टॉवेलात गुंडाळताना झाकण सरकलं तेव्हा चंदेरी पाकिटांवर लाल अक्षरं दिसली, एवढं लक्षात आहे. इथे घराघरात पुण्याची औषधं असतात. इथला फॅमिली डॉक्टर सर्दीला पाणी प्या म्हणतो, मग लोक तिकडून मागवतात. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

ज्या संकष्टीला ते घडलं, ती जूनमध्ये होती. हवा गरम होती. मी पाचच्या सुमाराला युट्रेख्टहून निघाले आणि पुढच्या डब्यात चढले तर काचेमागे काका. मी आरशात बघितलं. बोट वर आलं नाही. मला वाटलं, लक्ष नसेल.

शहरात एका स्टॉपवर गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, पहिलं दार फलाटाच्या बाहेर राहिलं. काकांकडून असं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. कालवा ओलांडला. ते पाठ टेकतील म्हणून मी बघत होते, पण ते पुढे झुकूनच बसले होते. मानेवर घाम होता. शर्टाची कॉलर ओली झाली होती. समोरून एक ट्राम आली, तिच्या चालकानं हात वर केला. काकांचा हात हलला नाही.

मला काचेवर टकटक करावंसं वाटलं. काचेवर लिहिलेलं होतं, चालकाशी बोलू नये. मी लहानपणापासून नियम पाळूनच इथपर्यंत आले आहे. मी टकटक केली नाही.

नीवेखाइनच्या फाट्याशी गाडी आमच्या गावाकडे वळते. त्या दिवशी ती वळली नाही, दुसऱ्या फाट्यानं गेली. चालकानं निघताना कुठे जायचं ते भरायचं असतं आणि फाट्याआधी दिव्याकडे बघून खात्री करायची असते. काकांनी आधीच्या फेरीचंच ठेवलं होतं, आणि दिव्याकडे बघितलं नाही. पलीकडच्या सीटवरच्या बाईनं कानातला इअरफोन काढला आणि खिडकीतून बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, हा कुठे चाललाय?

तेवढ्यात काचेमागून घंटी ऐकू आली. बारीक, लांबट. मला ती घंटी माहीत होती, पोळीच्या तुकड्यावर शिकवलेली. मी काकांच्या पायाकडे बघितलं. पाय पट्टीवरच होता, उचलला जात नव्हता. मग एकदम उचलला गेला, दाबला गेला, घंटी थांबली, आणि काकांनी डोकं वर करून समोर बघितलं. कुठे आलोय ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

रुळावरची गाडी मध्येच वळवता येत नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, तिथे उतरून दुसऱ्या टोकालाही असलेल्या चालकाच्या खोलीत बसायचं आणि उलटं यायचं. त्यांनी फोनवर कंट्रोल रूमला सांगितलं, लोकांची माफी मागितली आणि गाडी अगदी हळू शेवटापर्यंत नेली. तिथे ते खाली उतरले आणि फलाटावरून दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. गाडी लांब असते. प्रत्येक खिडकीत एक चेहरा होता आणि प्रत्येक चेहरा त्यांच्याकडे बघत होता. ते एका हातानं गाडीला धरत चालले होते.

मीही उतरले. पिशवीत काकूंनी दिलेला दाण्याचा लाडू होता. "काका, हा घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. "अगं, चंद्र कुठाय अजून."

"उपवासाचाच आहे. चालतो."

"मला चालत नाही."

"काका, खा." मोठ्या माणसाला मी तोवर कधी हुकूम केला नव्हता.

त्यांनी उभ्यानंच खाल्ला. दाण्याचा चुरा गणवेशावर पडला. मी बाटली दिली. काही मिनिटं आम्ही बाकावर बसलो. खिडकीतले लोक घड्याळं बघत होते. काकांच्या चेहऱ्यावर रंग आला, श्वास सरळ झाला. मग फोन वाजला. कंट्रोल रूममधली बाई विचारत होती, तब्येत ठीक आहे ना, गाडी परत आणू शकता का?

आता ते आणू शकले असते. मला तसं वाटलं आणि त्यांनाही वाटलं असणार, कारण त्यांनी दुसऱ्या टोकाच्या दाराकडे बघितलं. मग हातातल्या चुऱ्याकडे बघितलं.

"नाही," ते डचमध्ये म्हणाले. "दुसरा चालक पाठवा."

घरी आल्यावर कुणी दिवा लावला नाही, उजेड होताच. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ऊन लागलं म्हणून सांगा. खोटं कुठाय, ऊन होतंच."

ईशा जिन्यात उभी होती. ती डचमध्ये म्हणाली, "बाबा, रुळावर कुणी असतं तर?"

"नव्हतं."

"असतं तर?"

"नव्हतं गं, ईशा."

"ऊन लागलं," काकू पुन्हा म्हणाल्या. "दोन दिवस रजा घ्या. डॉक्टरचं कशाला काढायचं?"

"कुठल्या डॉक्टरचं?" ईशानं विचारलं. या वेळी मराठीत विचारलं. काकू आत गेल्या आणि डबा आणून टेबलावर उघडून ठेवला. चंदेरी पाकिटं, लाल अक्षरं. माझ्या टॉवेलातली.

तेव्हा मला कळलं की काकांना साखर होती, चार वर्षं. इथल्या डॉक्टरला माहीत नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरला तर नव्हतंच. त्याच्या फॉर्मवर दर वर्षी प्रश्न असतो, कुठली औषधं घेता का, आणि काका लिहायचे, नाही. कळलं तर गाडी काढून घेतील असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. त्या गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर किती खाली जाते, हेही त्यांना ठाऊक होतं. आधी दोनदा घरी तसं झालं होतं.

काकू खुर्चीवर बसल्या. आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं मी म्हणते, पुण्याच्या चंद्रावर सोडा. तर नोकरी इथली, चंद्र इथला. मग गोळ्या का हो पुण्याच्या?"

काकांनी डबा स्वतःकडे ओढला, झाकण लावलं. मग म्हणाले, "घंटी वाजली, मीना."

"कसली घंटी?"

"गाडीनं विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही." ते माझ्याकडे वळले. "तू ऐकलीस ना?"

मी मान हलवली. त्या वेळी मला काही वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, भीती वाटायला हवी होती. मी फक्त त्यांच्या गणवेशावरून टेबलावर पडलेले दाण्याचे कण बोटानं एका बाजूला करत होते.

सोमवारी ते कंपनीच्या डॉक्टरकडे गेले. सुपरमार्केटच्या कापडी पिशवीत तो डबा होता. मला म्हणाले, "प्रोफेसर, तुला युट्रेख्टला जायचंच आहे तर बरोबर चल." ट्राममध्ये ते मधल्या सीटवर बसले, उलट्या दिशेला तोंड करून. फाटा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. चाकं रुळावरून सरकल्याचा आवाज झाला आणि ते म्हणाले, "इकडून येताना चुकता येत नाही."

मी बाहेर थांबले. अर्ध्या तासानं आले तेव्हा पिशवी रिकामी होती, घडी करून हातात धरलेली.

"काय म्हणाले?"

"साखर असलेले चालक आहेत म्हणाला. औषध बदलतात, तपासतात, चालवू देतात." ते बाकावर बसले. "मी म्हटलं, मग मी सांगितलंच ना. तर म्हणाला, हो, आता सांगितलंत."

थोड्या वेळानं मी विचारलं, "गोळ्या कुणी आणल्या ते विचारलं का?"

"विचारलं. मी मागवल्या म्हटलं. खरंच आहे ते."

पत्र यायला काही आठवडे लागले. चालकाचं काम परत मिळणार नव्हतं. साखरेमुळे नाही, चार वर्षं लपवल्यामुळे. स्टॉपवर प्रवाशांना मदत करण्याचं काम देऊ, हवं असेल तर. काकांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावलं, वीजबिल लावतात तसं. काकूंनी जेवायला हाक मारली. संकष्टी नव्हती, साधंच जेवण होतं. मी खाली बघितलं. पाय शांत होता. टाच आणि चवडा दोन्ही जमिनीवर.

तो पुढे शांतच राहिला. आम्हा तिघींनाही ते दिसत होतं. एकदा ईशानं काहीतरी पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकून बघितलं, आणि वर आल्यावर तिनं काकांच्या ताटात आपली अर्धी पोळी ठेवली. त्यांनी ती खाल्ली.

पुढच्या संकष्टीला त्यांनी सहा वाजता ताट मागितलं. काकूंनी मोदक वाढले आणि पुण्याबद्दल काही म्हटलं नाही.

माझा प्रबंध त्याच उन्हाळ्याच्या शेवटी पूर्ण झाला. छापायला देण्याआधी ती टीप पुन्हा समोर आली: एका चालकाशी झालेलं बोलणं. माजी चालक लिहावं का, यावर मी एक अख्खी दुपार घालवली. शेवटी तशीच ठेवली. बोलणं झालं तेव्हा ते चालक होते.

मग मला आइंडहोवनला नोकरी लागली. निघायच्या दिवशी काका त्या नव्या, स्टॉपवरच्या कामावर होते, म्हणून निरोप फोनवर झाला. "तिकडे ट्राम नाही," ते म्हणाले. "बघ, टाकता येतात का." मी हसले. तेही हसले असावेत.

त्यानंतर त्यांना एकदाच बघितलं. पुढच्या उन्हाळ्यात काकूंना भेटायला गेले तेव्हा ट्राम बंद होती. रूळ बदलायचं काम चालू होतं, काही आठवडे बदली बस. युट्रेख्टहून बसनं नीवेखाइनला आले आणि तिथे दुसऱ्या बससाठी उतरले, तर फाट्याजवळच्या स्टॉपवर पिवळ्या जाकिटात काका उभे होते. गळ्यात ओळखपत्र, हातात बसचे नकाशे. वॉकर घेतलेल्या एका आजोबांना ते बसची जागा दाखवत होते, आजोबा ट्रामच्या नावानं बोटं मोडत होते आणि काका मान हलवत होते.

"प्रोफेसर," मला बघून म्हणाले. वजन थोडं वाढलं होतं. "वीस मिनिटं उशिरा आलीस."

"बस होती, काका."

"तेच म्हणतो मी."

मागे कुंपणापलीकडे जमीन खणलेली होती. जुने रूळ काढून एका बाजूला रचलेले, गंजलेले, आणि नवे अजून ट्रकवर. काकांनी तिकडे मान केली. "बघितलंस ना? रूळ नवे टाकतायत. याचा अर्थ ठेवणार आहेत. जे बंद करायचंय त्याला कुणी नवे रूळ टाकत नाही. हे तुझ्या प्रबंधात राहिलं."

"हो," मी म्हटलं. "राहिलं."

"फाटासुद्धा बदलतायत. नवा फाटा, नवा दिवा. लांबून दिसेल असा." मला काहीतरी बोलायचं होतं. काचेवर टकटक केली नाही त्याबद्दल मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण माझी बस आली, आणि त्यांनीच मला हात धरून दारापर्यंत नेलं, त्या आजोबांना नेलं तसं. "मीनाला सांग, जेवायला येतो. मोदक ठेवायला सांग, अर्धाच खाईन."

मी मागच्या सीटवर बसले. बस सुटली. चालकानं आरशात बघितलं, कुणाला हात केला नाही. मागच्या काचेतून स्टॉप दिसत होता. गर्दी ओसरली होती, पुढची बस यायला वेळ होता, आणि काका कुंपणाकडे तोंड करून, खणलेल्या जमिनीसमोर एकटे उभे होते. हात मागे बांधलेले. डाव्या पायाची टाच फरशीवर टेकलेली होती. बस वळेपर्यंत मी बघत राहिले. चवडा वर झाला, खाली दाबला गेला. काही सेकंद गेले. पुन्हा वर झाला.